डाव्या हाताची फुसाए

फुसाएला कुणी विचारलं, की बाहुल्यांच्या खेळात तुम्ही नेमकं काय करता, तर ती सांगायची, "डावा हात." विचारणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहायचा. पुढचं वाक्य नसायचं. एकतीस वर्षं तिने बाहुलीचा डावा हात हलवला, त्याआधी सात वर्षं पाय हलवले, आणि या अडतीस वर्षांत एकाही प्रेक्षकाने रंगमंचावर तिचं तोंड पाहिलं नाही, कारण डोक्यावरून हनुवटीपर्यंत काळी टोपी असते. कात्सुउराच्या खोऱ्यात अशी माणसं पुष्कळ. आमच्याकडे संत्री आणि बाहुल्या, दोन्हींना तोटा नाही.

एक बाहुली नाचवायला तीन माणसं लागतात. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, आणि तिसरा कमरेत वाकून पाय. तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, मनात आकडे मोजायचे नाहीत. मुख्य माणूस बाहुलीचं डोकं किंवा खांदा नखभर हलवतो, तीच खूण. ती दिसली की डाव्याने आणि पायाने निघायचं. खूण चुकली तर बाहुलीचं तिथल्या तिथे लाकूड होतं, आणि पुढे बसलेली चार वर्षांची पोरं फिदीफिदी हसतात. पोरांना कुणी शिकवलेलं नसतं, पण त्यांना कळतं.

फुसाए बाविसाव्या वर्षी समुद्राकाठच्या गावातून या खोऱ्यात सून म्हणून आली. सासरी डोंगरउतारावर संत्र्यांची बाग, सासू कडक, आणि नवरा कात्सुजी स्वभावाने गरीब पण चिडवण्यात पटाईत. नव्या सुनेला मोकळं हसता येईल अशा दोनच जागा होत्या, एक टोफूचं दुकान आणि दुसरी बाहुल्यांची तालीम. दोन्ही ठिकाणी किनुयो होती. दुकान तिचं, आणि तालमीत मुख्य माणूसही तीच. किनुयो आठ वर्षांनी मोठी. फुसाए तिला नेसान म्हणायची, आणि सख्ख्या थोरल्या बहिणीलाही कुणी इतक्या मानाने हाक मारत नसेल.

तिसाव्या वर्षी फुसाए पहिल्यांदा तालमीत उभी राहिली, तेव्हा किनुयोने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कंबर चांगली आहे. पाय दे हिला."

"आणि हात कधी?" फुसाएने विचारलं.

"पाय आले की."

पाय यायला सात वर्षं लागली. मग डावा हात मिळाला. बाहुलीचा डावा हात फुसाएच्या उजव्या हातातल्या दांडीवर असायचा आणि डोळे बाहुलीच्या मानेवर. डाव्या माणसाला बाहुलीचं तोंड दिसतच नाही. ती रडते की हसते हे त्याला मानेवरून आणि खांद्यावरून कळून घ्यावं लागतं. आपण गावभर मिरवलेल्या त्या बाईचा चेहरा समोरून कसा दिसतो, हे फुसाएने कितीतरी वर्षं फक्त पेटीत ठेवतानाच पाहिलं.

प्रत्येक खेळानंतर किनुयो टोपी काढायची, घाम पुसायची आणि एकच वाक्य बोलायची. "फुसा, अर्धा श्वास उशीर."

एकतीस वर्षं तेच. लोक टाळ्या वाजवून घरी गेलेले असोत, देवळाचा पुजारी स्वतः येऊन वाकून गेलेला असो, किनुयोचं आपलं अर्धा श्वास उशीर. एकदा फुसाएचं डोकं फिरलं. "अर्धाच ना? पूर्ण नाही ना?"

"पूर्ण उशीर केला असतास तर तुला टोफूबरोबर तराजूत घालून विकली असती," किनुयो म्हणाली, आणि तिच्या हातावर तळलेल्या टोफूचा गरम तुकडा ठेवून निघून गेली.

घरी कात्सुजी हसायचा. "इथे दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ढोल वाजवतेस आणि बाहेर म्हणे नुसता डावा!" कात्सुजी जाऊन आता नऊ वर्षं झाली.

किनुयोचं विसरणं शहात्तराव्या वर्षी सुरू झालं. एकाच दिवशी ती दोनदा तालमीला आली. दुकानात मिठाच्या जागी साखर गेली, आणि गिऱ्हाइकं काही न बोलता तो टोफू घेऊन गेली. मंडळींनी ठरवलं, वसंतातल्या खेळाला मुख्य माणूस फुसाए. इतकी वर्षं जवळून पाहिलंय, तिला येणार नाही तर कुणाला? देवळाच्या आवारात मांडव सजला, गायकाने सूर लावला, वाद्यावर आघात झाला. फुसाएच्या डाव्या मुठीत बाहुलीचं डोकं होतं. ती उभी राहिली, आणि उभीच राहिली. डावीकडची बाई फुसाएच्या खुणेची वाट बघत होती आणि फुसाए स्वतः कुणाच्या तरी खुणेची. गायकाने तीच ओळ तीनदा गायली. शेवटी पडदा ओढला. त्या दिवशी बाहुलीची पेटी बंद झाली ती झालीच.

"मला घेता येतं, देता येत नाही," एवढंच फुसाए म्हणायची. पण सल राहिला. अडतीस वर्षं एखाद्या कामात घालवून शेवटी सगळ्या गावासमोर लाकूड होणं सोपं नसतं.

किनुयोला मूलबाळ नाही. ओसाकाची भाची, तीही साठीची, वर्षातून दोनदा यायची. दोन वर्षांपूर्वी तिने मावशीला टेकडीखालच्या वृद्धनिवासात ठेवलं. फुसाए रोज जेवून दुपारच्या छोट्या बसने तिथे जायची. सत्तर पूर्ण झाल्यावर मुलाने हट्ट धरून तिला गाडीचा परवाना परत करायला लावला होता, त्यामुळे बस आणि पाय हाच आधार. पहिले सहा महिने किनुयो तिला ओळखायची. मग एक दिवस अतिशय अदबीने तिने विचारलं, "आपण कुठल्या?" फुसाए म्हणाली, "बसने येते." तेव्हापासून ती बसवाली बाई झाली. बसवाल्या बाईशी किनुयो फार सभ्यपणे बोलायची. एकतीस वर्षं टोमणे खाल्लेल्या माणसाला तो सभ्यपणा किती झोंबतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

या वृद्धनिवासात शरद ऋतूच्या सुरुवातीला कोहारू आली.

कोहारू म्हणजे यंत्र. एका संशोधन गटाने तीन महिन्यांसाठी दिलेलं. खुर्चीत बसलेली पंचविशीतली मुलगी, त्वचा रबराची पण खरी वाटावी अशी, गालावर बारीक लव, पापण्या फडफडणाऱ्या. सकाळी नमस्कार करायची, हात वर-खाली करून व्यायाम घ्यायची, गप्पा मारायची, आणि उरलेला वेळ दिवाणखान्याच्या कोपऱ्यात डोळे उघडे ठेवून बसायची. निवासाचा व्यवस्थापक मियोशी याला वाटलं, चला, माणसं कमी आहेत, थोडा हातभार लागेल. म्हातारी मंडळी आनंदाने टाळ्या पिटतील असा त्याचा होरा होता.

टाळ्या सोडाच, पहिल्याच आठवड्यात त्या कोपऱ्याच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ओकुबो म्हणून निवृत्त पोस्टमन, बोलका माणूस, तो चहाचा कप घेऊन थेट दुसऱ्या भिंतीला जाऊन बसला. "चाळीस वर्षं टपाल वाटलं," तो फुसाएला म्हणाला, "कुत्री अंगावर आली, एकदा रानडुक्कर आलं. पण असं हसत हसत कुणी अंगावर आलं नाही हो."

"बसल्या जागेवरून कशी अंगावर येईल ती?"

"तेच तर. बसल्या जागेवरून येते."

कुणी म्हणालं, तिचे हात गार असणार. कुणी म्हणालं, ती मेलेल्या माणसासारखी दिसते. एक आजीबाई जेवताना तिच्याकडे पाठ करायच्या आणि मग पाठीला कुणी बघतंय म्हणून जेवायच्याच नाहीत. आता गंमत बघा. याच खोऱ्यात दर वसंतात सभागृहात हजारो बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात, छतापर्यंत, आणि लोक त्यांच्यासमोर डबे उघडून मजेत जेवतात. ओकुबोच्या स्वतःच्या खोलीत आईच्या वेळची बाहुली आहे, तिच्याशी तो बोलतो. बाहुल्यांना घाबरणारी माणसं आम्ही नाही. पण या एकीने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

किनुयो मात्र घाबरली नाही. तिने पहिल्याच दिवशी खिशातून छपाईचा सुती पंचा काढला आणि सरळ जाऊन कोहारूच्या तोंडावर टाकला. कर्मचाऱ्यांनी तो काढला. तिने पुन्हा टाकला. रोज हेच. रागावून झालं, समजावून झालं. मग एका सकाळी व्यायाम चालू असतानाच तिने ओला पंचा टाकून मानेमागे गाठ मारली, यंत्राची मान आत कुठेतरी अडकून करकरली, आणि सोडवायला धावलेल्या कर्मचारी मुलीला किनुयोने ढकललं. मुलगी पडली, तिचं मनगट सुजलं.

मियोशी माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यानेच फुसाएला बाजूला बसवून आंबवलेल्या पानांचा चहा दिला. "यंत्राचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पण माणसाला इजा झाली. आता माझ्या हातात फारसं नाही. शहरात बंद दारांचा एक विभाग आहे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भाचीबाई येतील, त्या दिवशी ठरेल."

"शहरात म्हणजे दोन बसगाड्या."

"हो."

"जायला दोन तास, यायला दोन. मी त्र्याहत्तरची आहे, मियोशीसान. मला महिन्यातून एकदा जमेल."

त्याने तिचा कप पुन्हा भरला.

फुसाए किनुयोच्या खोलीत गेली. किनुयो पलंगाच्या कडेला बसून पंचा घडी करत होती, चार पदरी, कोपऱ्याला कोपरा. अनोळखी माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही बसने जाता ना? एक निरोप द्याल?"

"देते की. कुणाला?"

"त्या पोरीला सगळे उघडी टाकून जेवायला गेलेत. डाव्याला माणूस नाही, पायाला माणूस नाही. तोंडावर कापड तरी टाकायचं! मी टाकते तर ओढतात." आणि मग तिचा आवाज एकदम जुन्यासारखा झाला. "फुसा कुठे मेली आहे कोण जाणे. तिला म्हणावं, लवकर ये. पोरीचे हाल चाललेत."

फुसाए "सांगते" म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसून रडली. दीड वर्षाने तिचं नाव त्या तोंडून आलं होतं, आणि तेही ती समोर उभी असताना, तिच्याजवळ निरोप म्हणून.

रडून झाल्यावर तिला अक्कल आली. आपली नेसान वेडेपणा करत नव्हती. बाहुल्यांच्या मंडळीत साधा नियम असतो. डोक्यातून हात काढला, की त्याच क्षणी तोंडावर कापड किंवा पिशवी. हात नसलेली बाहुली उघडी ठेवून कुणी घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. किनुयोने साठ वर्षं हे केलं होतं, आणि या कोपऱ्यात तिला दिसत होती माणसांविना टाकलेली, डोळे उघडे असलेली एक मोठी बाहुली. तिने यंत्राला बाहुली समजण्याची चूक केली. पण ती चूक काढून टाकली तर बाकीचं सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी फुसाए व्यायामाच्या वेळी मुद्दाम आली आणि कोहारूच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथून तोंड दिसत नाही. मान दिसते, खांदा दिसतो. कोहारू म्हणाली, "चला, हात वर करूया," आणि हात वर गेला. फुसाएच्या अंगावर काटा आला. ती वीस मिनिटं तिथेच उभी राहिली.

बुधवारी यंत्राची मान दुरुस्त करायला उराबे आली. बेचाळीस वर्षांची अभियंता बाई, चष्मा कपाळावर, आणि झोप न झालेली. कोहारूचा चेहरा तिनेच केलेला, पाच वर्षं खपून. मागे उभ्या असलेल्या म्हातारीला तिने नम्रपणे विचारलं, "काही हवंय का, आजी? समोर येऊन बघा ना, चेहरा समोर आहे."

"चेहरा राहू दे," फुसाए म्हणाली. "ही श्वास का घेत नाही?"

"ती यंत्र आहे."

"आमची तर लाकडाची आहे. तीही घेते."

उराबेने चष्मा नाकावर घेतला. तिने समजावून सांगितलं, की अशा यंत्रांचं हे जुनंच दुखणं आहे. ओबडधोबड यंत्र लोकांना आवडतं, ते जरा माणसासारखं केलं की जास्त आवडतं, पण अगदी माणसासारखं होत आलं की मध्येच एक मोठा खड्डा लागतो आणि लोकांना शिसारी येते. तो खड्डा ओलांडायला चेहरा आणखी खरा करायला हवा. पुढच्या वर्षी त्वचेखाली बारीक शिरा घालायचा विचार आहे.

"शिरा?" फुसाए म्हणाली. "जेवण बिघडलं म्हणून ताट सोन्याचं करणार तुम्ही?"

उराबेला हसू आलं, आणि मग आलं नाही. "मग काय बिघडलंय? खरंच सांगा. डिसेंबरात हे परत न्यायचंय आणि माझ्याकडे नुसती भीतीची नोंद आहे."

"हात उचलताना हिची मान, तोंड, हात, सगळं एकदम सुटतं. आधी काही नाहीच. माणूस आधी ठरवतो, मग बघतो, मग खांदा भरतो, मग हात जातो. हिच्या डाव्याला मला उभं केलं असतं तर मी पहिल्या प्रवेशात उताणी पडले असते. ही खूणच देत नाही. आता काय करणार आहे हे जी सांगत नाही, तिच्याशेजारी कोण बसेल?" फुसाएला दम लागला, पण ती थांबली नाही. "आणि दुसरं. हिच्या आत कुणी नसताना हिला बघायला का लावता? आत कुणी आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून लोक घाबरतात. आमच्या बाहुलीचं तसं नसतं. आम्ही तिघं शेजारीच दिसतो. कुणाला फसवतच नाही."

उराबे वळून फुसाएच्या शेजारी, कोहारूच्या मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ती खूण मला दाखवता येईल?"

इथे फुसाएची पंचाईत झाली. खूण द्यायचा हात तिच्याजवळ नव्हता, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. तिने उराबेकडे दोन दिवस मागितले. मग गावच्या सभागृहातून पेटी मागवली, ओकुबोच्या पुतण्याने ती गाडीतून आणून दिली. दिवाणखान्यातल्या टेबलांना बाजूला सारलं. फुसाएने बाहुली जोडली आणि डोक्याची पकड किनुयोपुढे धरली. मियोशी दारात उभा होता, हाताची घडी घालून, मनात देवाचं नाव घेत.

किनुयोने बाहुलीकडे पाहिलं. मग न विचारता डावा हात आत घातला. पाठ सरळ झाली. एक्याऐंशी वर्षांची बाई कुठल्या कुठे गेली, असं म्हणणं सोपं आहे, पण ती कुठेही गेली नव्हती. ती तीच होती, फक्त हाताला काम मिळालं होतं.

"पायाला कोण?" ती म्हणाली.

फुसाएने उराबेला खाली बसवलं. "किमोनोची ही कड धरायची आणि चालवायची. शिकायला सात वर्षं लागतात. तुमच्याकडे सात मिनिटं आहेत."

"मी डॉक्टरेट केली आहे," उराबे जमिनीवरून पुटपुटली.

"असू दे, इथे चालेल."

बाहुलीचा खांदा नखभर उठला. फुसाएच्या उजव्या हातातली दांडी आपोआप निघाली. बाहुलीने मान वळवली, ओकुबोकडे पाहिलं, थांबली, आणि मग हळूच हात तोंडाशी नेऊन लाजली. ओकुबो पोस्टमन खुर्चीतून अर्धा उठला आणि बाहुलीला वाकून नमस्कार करून बसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. सगळे हसले. सहा पावलं, एक वळण, एक रडणं, तेवढंच झालं. पाठ करून जेवणाऱ्या आजीबाई डोळे पुसत होत्या.

किनुयोने हात काढला आणि त्याच दमात पिशवी चढवून नाडी ओढली. उराबेला म्हणाली, "पाय कच्चे आहेत." फुसाएकडे वळून अतिशय अदबीने म्हणाली, "आपल्याला बसला उशीर होईल."

फुसाए हसली आणि निघाली. बसमध्ये तिने खिडकीकडे तोंड करून ठेवलं. उजव्या हाताला तीच जुनी कळ होती, आणि ती कळ तिला हवीशी वाटत होती. पण नेसानने ओळखलं नव्हतं. हात ओळखतो आणि माणूस ओळखत नाही, हे कसं सहन करायचं ते तिला कळेना.

उराबे कॅमेरे घेऊन आणखी दोनदा आली. कोहारूला तिने प्रयोगशाळेत नेलं. कोपरा रिकामा झाला तरी लोक सवयीने दूरच बसले. महिना सरत आला. भाचीबाईंचं पत्र आलं, शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते. मियोशीने शहरातल्या विभागाचे कागद मागवून ठेवले, कारण ते त्याचं कामच होतं. फुसाएने किनुयोच्या कपड्यांवर नाव शिवायला घेतलं, आणि प्रत्येक टाक्याला ती मनात म्हणत होती, की हे नको व्हायला, हे नको व्हायला.

गुरुवारी दुपारी कोहारू परत आली. जांभळ्या कापडात गुंडाळलेली.

उराबेने तिला खुर्चीत बसवलं आणि कापड तसंच ठेवलं. "आता हिच्यासोबत कुणी असेल तेव्हाच कापड काढायचं," तिने सगळ्यांना सांगितलं. "आणि मी इथेच शेजारी बसणार आहे, सगळ्यांना दिसेल अशी. चालवतेय मीच." मग तिने कापड काढलं. चेहरा तोच होता. फक्त तोंडावर सतत चिकटलेलं ते हसू काढून टाकलं होतं.

कुणी जवळ गेलं नाही. किनुयो पुढच्या रांगेत, तिच्या डावीकडे फुसाए, दोघींच्या मागे पंचा पकडायच्या तयारीने एक कर्मचारी. मियोशी पुन्हा दारात.

कोहारूने आधी श्वास घेतला. म्हणजे खांदा किंचित भरला. डोळे वळले, मान त्यांच्यामागून नखभर झुकली.

फुसाएचा उजवा हात मांडीवरून वर निघाला. तिने तो उचलला नव्हता. पाठोपाठ कोहारूचा डावा हात वर गेला. "हात वर करूया," ती म्हणाली, आणि बघता बघता तिसऱ्या रांगेतला एक हात वर गेला, मग दुसरा. ओकुबो अजून भिंतीलाच होता, पण त्याने खुर्ची अर्धी वळवली. त्याचा हात काही वर गेला नाही. सगळ्यांचंच सगळं एका दिवसात पटत नाही.

व्यायाम संपला. कोहारूचे हात मांडीवर आले, उराबेने यंत्र बंद केलं, आणि किनुयो उठली.

कर्मचारी पुढे झाला. मियोशीने मान हलवून त्याला थांबवलं. किनुयोने खुर्चीच्या पाठीवरचं जांभळं कापड घेतलं, झटकलं, कोहारूच्या तोंडावरून अलगद सोडलं आणि सैल गाठ मारली, मानेला अजिबात धक्का न लावता. मग तिने गाठीवर दोन बोटं ठेवली. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करून आई उठते, तशी ती वळली.

मियोशी खाकरला. "फुसाएसान, हे कापड रोज कुणीतरी बांधायला हवं. कर्मचाऱ्यांना वेळ नसतो." मग तो जरा मोठ्याने म्हणाला, "उद्या भाचीबाईंना मी तसंच सांगेन. जबाबदारीचं काम आहे, माणूस इथलाच पाहिजे. शहरातून कोण रोज येणार?"

फुसाएने कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि वर यायला तिला वेळ लागला.

किनुयो तोवर दारापर्यंत पोहोचली होती. फुसाए मागून गेली आणि सवयीने तिच्या डाव्या अंगाला चालू लागली. बाहेर संत्र्यांच्या बागांवर ऊन होतं, तोडणीचे पिवळे क्रेट रस्त्याकडेला रचून ठेवले होते. खोलीच्या दाराशी किनुयो थांबली, खिशातून पंचा काढून कपाळाचा घाम पुसला. घाम आलेला नव्हता.

"फुसा," ती पुढे बघतच म्हणाली, "अर्धा श्वास उशीर."

एकतीस वर्षं जी बाई या वाक्यावर चिडली होती, तिने दाराची चौकट धरली.

"हो, नेसान," फुसाए म्हणाली. "आता आलेय मी."